दूध सोसत नाही, मग प्रोटीनचा डबा कोणता?

रायपूर स्टेशनच्या पलीकडे गुढियारी लागते. धान्य, डाळी आणि किराण्याची घाऊक दुकानं, पोत्यांची चढ-उतार, गर्दीत अडकलेले टेम्पो. आता याच वस्तीत मेडिकलच्या काउंटरमागे प्रोटीन पावडरचे मोठाले डबेही रांगेनं मांडलेले दिसतात. तुमच्या गावातलं चित्र फार वेगळं नसेल. डब्यावर दंड फुगवलेला तरुण, मोठ्या अक्षरांत '२४ ग्रॅम प्रोटीन' आणि दुकानदाराचं ठरलेलं वाक्य, "ये वाला सबसे अच्छा चल रहा है."

दुकानात चालतंय हे खरं. तुमच्या पोटात चालेल का, हे मात्र त्याला माहीत नसतं.

समजा, तीन गिऱ्हाईकं एकाच दिवशी या दुकानात आली. पहिला जिमला जाणारा मुलगा. शेक प्यायला की तासाभरात त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगतं. दुसऱ्या साठीच्या काकू. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी प्रोटीन वाढवायला सांगितलंय, पण कपभर दूध घेतलं की जुलाब ठरलेले. तिसरी एक आई. तिच्या मुलाच्या पोटात चुकून दुधाचं काही गेलं तर अंगभर गांधी उठतात. तिघंही म्हणतात, "दूध सोसत नाही, काहीतरी हलकं द्या." तिघांनाही बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "आयसोलेट घ्या, त्यात दूध नसतं."

हे उत्तर काकूंच्या कामाचं आहे. मुलासाठी ते बहुधा वाया गेलेले पैसे आहेत. आणि त्या तिसरीच्या लेकरासाठी ते सरळसरळ धोक्याचं आहे. म्हणून आज डब्यांच्या नावांची यादी देत नाही. आधी तुम्ही या तिघांपैकी कोण आहात ते पाहू.

दुधातली साखर की दुधातलं प्रोटीन?

'दूध बाधतं' असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन अगदी वेगळी दुखणी असतात.

पहिलं दुधातल्या साखरेचं. या साखरेला लॅक्टोज म्हणतात आणि ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचा पाचक रस लागतो. तान्ह्या बाळाकडे तो भरपूर असतो, मोठं होता होता अनेकांचा कमी होत जातो. मग न पचलेली साखर पुढे मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. पोट फुगणं, गुडगुड, कळ, पातळ शौच हे सगळं त्यातून येतं. हा काही रोग नव्हे. जगातल्या बहुसंख्य मोठ्या माणसांची हीच तऱ्हा आहे. आपल्या देशात उत्तरेकडे दूध पचवणारे जास्त, दक्षिणेकडे कमी. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर भारतीयांपैकी सुमारे २७ टक्के, तर दक्षिण भारतीयांपैकी सुमारे ६७ टक्के लोकांना लॅक्टोज नीट पचत नसल्याचं आढळलं होतं. महाराष्ट्र काय आणि छत्तीसगड काय, आपण दोघांच्या मधोमध. त्यामुळे एकाच घरात एक जण दोन वाट्या बासुंदी पचवतो आणि दुसऱ्याला कपभर दूध जड जातं, यात नवल नाही.

दुसरं दुखणं ॲलर्जीचं. इथे साखरेचा काही संबंध नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा दुधातल्या प्रोटीनलाच शत्रू समजते. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलट्या, धाप, आणि क्वचित जिवावर बेतणारा प्रसंग. हे जास्त करून लहान मुलांत दिसतं. बरीच मुलं मोठी होताना त्यातून बाहेर पडतात, पण सगळी नाहीत. यात थोडंसं चालतं असं गृहीत धरायचं नसतं. गाईऐवजी म्हशीचं किंवा शेळीचं दूध देऊनही भागत नाही, कारण त्यांतली प्रोटीनं एकमेकांना फार जवळची असतात. 'ए-टू' दुधाचंही तेच. त्यात लॅक्टोज तेवढाच असतो आणि ॲलर्जीवाल्याला ते सुरक्षित नाही.

दोन्हींतला फरक ओळखायला एक साधा प्रश्न विचारा. तुम्हाला दही-ताक चालतं का? दही विरजताना जिवाणू थोडा लॅक्टोज संपवतात आणि उरलेला पचवायला आतड्यात मदतही करतात. म्हणून दूध सोसत नाही पण उन्हाळ्यात ताक सुखानं पितो, बासीबरोबर दही खातो, असं असेल तर बोट लॅक्टोजकडे जातं. त्रास फक्त पोटाचा असेल तरीही तेच. पण कातडी, श्वास, सूज यांपैकी काहीही असेल, किंवा लहान मुलाच्या शौचातून रक्त जात असेल, तर घरी प्रयोग करू नका. आधी डॉक्टर, मग डबा. मोठ्यांनाही खात्री करून घ्यायची असेल तर लॅक्टोजसाठी श्वासाची तपासणी असते. पोटविकाराच्या डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.

पनीरच्या पाण्यातून डब्यात

घरी दूध फाडून पनीर केलंच असेल तुम्ही. फडक्यात पांढरा गोळा राहतो आणि खाली हिरवट-पिवळं पाणी गळतं. ते पाणी म्हणजेच व्हे. बाजारातल्या बहुतेक प्रोटीन डब्यांचा जन्म चीज आणि पनीरच्या कारखान्यांतल्या याच पाण्यातून होतो.

आता गंमत बघा. लॅक्टोज पाण्यात विरघळणारा आहे, त्यामुळे दुधातला बहुतेक लॅक्टोज या पाण्यात उतरतो. म्हणून दूध न सोसणाऱ्यांनाही पनीर बऱ्याचदा पचतं. पण हेच पाणी नुसतं वाळवलं तर जी 'व्हे पावडर' तयार होते, तिच्यात १०० ग्रॅममागे प्रोटीन जेमतेम १२-१३ ग्रॅम आणि लॅक्टोज ७० ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे ती प्रोटीनची पावडर कमी आणि दुधाची साखर जास्त. ती गाळून गाळून साखर काढली की 'कॉन्सन्ट्रेट' होतं. चांगल्या प्रतीच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये प्रोटीन ८० टक्क्यांच्या आसपास आणि लॅक्टोज साधारण ४ ते ८ टक्के. आणखी गाळलं की 'आयसोलेट'. प्रोटीन ९० टक्के किंवा जास्त, लॅक्टोज सहसा एक टक्क्याच्या आत. त्यापुढे 'हायड्रोलायसेट', म्हणजे आधीच तुकडे केलेलं प्रोटीन. चवीला कडवट, किमतीला भारी, आणि निव्वळ लॅक्टोजचा त्रास असलेल्याला त्याची गरज पडत नाही.

या सगळ्या पायऱ्यांवर साखर कमी होत गेली. प्रोटीन मात्र दुधाचंच राहिलं. त्यामुळे दुधाची ॲलर्जी असलेल्यासाठी कॉन्सन्ट्रेट, आयसोलेट, हायड्रोलायसेट, कॅसीन हे सगळेच डबे बाद. डॉक्टर ॲलर्जीच्या बाळांना जे खास हायड्रोलाइज्ड दूध लिहून देतात ते वेगळं, जिमच्या दुकानातलं हायड्रोलायसेट वेगळं. नाव सारखं दिसलं म्हणून गफलत करू नका.

मग त्या मुलाचं पोट का फुगतं?

जरा आकडेमोड करू. कॉन्सन्ट्रेटचा ३० ग्रॅमचा एक चमचा घेतला तर पोटात लॅक्टोज जातो साधारण सव्वा ते अडीच ग्रॅम. कपभर, म्हणजे २५० मिलिलिटर दुधात तो १२ ग्रॅमच्या आसपास असतो. आणि लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकीही बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, विशेषतः जेवणाबरोबर, फारसा त्रास होत नाही असं अभ्यास सांगतात. म्हणजे चांगल्या कॉन्सन्ट्रेटच्या एका चमच्यातला लॅक्टोज चहात पडणाऱ्या दुधाइतका. एवढ्यानं नगारा वाजायचं कारण नाही. काही जणांचं पोट अगदीच हळवं असतं, त्यांना आयसोलेटनं खरा फरक पडतो. पण बाकीच्यांनी चोर दुसरीकडे शोधायला हवा.

पहिला चोर पेल्यातच असतो. कितीतरी लोक महागडं आयसोलेट आणतात आणि ते मोठ्या ग्लासभर दुधात घालून पितात! गाळून काढलेली साखर आपणच परत ओतायची. पाण्यात घेऊन बघा, चव जरा फिकी लागेल एवढंच.

दुसरा चोर गोडीचा. साखर नाही म्हणून डब्यात माल्टिटॉल, सॉर्बिटॉल, झायलिटॉल अशी नावं असतात. ही गोडी आतड्यात पूर्ण शोषली जात नाही आणि लॅक्टोजसारखाच गोंधळ घालते. 'पॉलिओल्समुळे रेचक परिणाम होऊ शकतो' अशा अर्थाची इंग्रजी ओळ पाकिटावर बारीक अक्षरात दिसली तर ती गमतीनं लिहिलेली नसते. 'फायबर वाढवलेलं' म्हणून घातलेलं इन्युलिन किंवा चिकोरीचं मूळ हा तर वायूचा कारखानाच. शेक दाट व्हावा म्हणून घातलेले झँथन आणि ग्वार गमही काहींना बाधतात.

तिसरं कारण सांगितलं की तरुण मंडळी नाराज होतात. रिकाम्या पोटी दोन चमचे एकदम, तेही घटाघटा, आणि जेवणातून भाजी-भाकरी गायब. असं कुठलंही अन्न आठवडाभर केलं तरी पोट तक्रार करेल. दोष डब्याचा नाही.

मागची बाजू वाचा

डब्याची पुढची बाजू जाहिरातवाल्यांची असते. कामाची मागची. घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागते, त्यामुळे पहिली तीन नावं वाचली तरी निम्मं कळतं. पहिलं नाव 'व्हे प्रोटीन आयसोलेट' असेल तर ठीक. पहिल्या तिनांत नुसतं 'व्हे पावडर', 'मिल्क सॉलिड्स', 'स्किम्ड मिल्क पावडर', 'माल्टोडेक्स्ट्रिन' किंवा साखर दिसली तर डबा परत ठेवा. 'आयसोलेट ब्लेंड' या शब्दावर भुलू नका. ब्लेंडमध्ये आयसोलेट चिमूटभर असलं तरी नाव तेच लिहितात.

ॲलर्जीवाल्या घरानं 'कंटेन्स' या शब्दानंतर काय आहे ते पाहावं. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार दूध, सोया, शेंगदाणे, अंडं, ग्लुटेन असलेली धान्यं वगैरे ॲलर्जीचे पदार्थ तिथे स्पष्ट लिहिणं बंधनकारक आहे. दुधाची टोपणनावंही पाठ करून ठेवा: कॅसीन, सोडियम किंवा कॅल्शियम कॅसिनेट, व्हे, मिल्क प्रोटीन. 'नॉन-डेअरी क्रीमर'मध्येसुद्धा सोडियम कॅसिनेट असू शकतं, नाव काहीही असो. आणि 'लॅक्टोज-फ्री' म्हणजे दूध-मुक्त नव्हे, हे घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबांनासुद्धा, नीट समजावून सांगा. लाडानं दिलेल्या एका घोटानं दवाखाना गाठावा लागतो.

लिहिलेलं सगळं खरंच असतं का? २०२४ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं आपल्या बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या. जवळपास ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली, काहींत तर लिहिल्याच्या निम्मंच प्रोटीन होतं. त्यामुळे बाहेरच्या प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल बॅच क्रमांकासकट दाखवणारी कंपनी मी पुढे ठेवीन, चित्रं दाखवणारी मागे. सुट्टी, पुड्यांत भरून विकलेली पावडर तर कितीही स्वस्त असो, नकोच.

वनस्पतीचं म्हणजे हलकं, असं नाही

दूधच नको म्हणून अनेक जण वनस्पतीजन्य पावडरीकडे वळतात. ॲलर्जी असलेल्या मोठ्या माणसांना हा रस्ता बरोबरच आहे. पण 'व्हेगन' लिहिलंय म्हणजे पोटाला हलकं, हे गृहीत धरू नका. आपल्याला चणे-वाटाणे खाऊन काय होतं ते माहीत आहेच. कडधान्यांतल्या रॅफिनोजसारख्या साखरा माणसाला पचतच नाहीत, जिवाणूंनाच पचतात. वाटाण्याचं 'आयसोलेट' करताना या साखरा बऱ्याच निघून जातात, म्हणून ते सहसा सोसतं. नुसतं 'पी पावडर' किंवा 'पी फ्लोअर' म्हणजे वाटाण्याचं पीठ, त्याचा भरवसा नाही.

वनस्पतीच्या डब्यांत वाटाणा आणि तांदूळ अशी जोडी बऱ्याचदा दिसते. कारण साधं आहे. डाळवर्गात मेथिओनिन कमी आणि लायसीन भरपूर, तांदळात बरोबर उलटं, म्हणून दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात. धानाचा कटोरा म्हणवणाऱ्या या मुलखात वरण-भात खाणाऱ्यांना हे डब्यावर वाचून शिकायची गरज नाही!

सोयाचं आयसोलेट स्वस्त आणि प्रोटीनच्या दर्जानं उत्तम. पण सोयाचीही ॲलर्जी असते, आणि थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवायला हवं, कारण सोयामुळे गोळीचं शोषण कमी होऊ शकतं. घरी सोयाबीन दळणार असाल तर आधी चांगलं शिजवून किंवा खरपूस भाजून घ्या. कच्च्या सोयात प्रोटीन पचू न देणारे घटक असतात. अंडं खाणाऱ्या घरात अंड्याच्या पांढऱ्या भागाची पावडर हा चांगला पर्याय आहे. दूध नाही, लॅक्टोज नाही, पचायलाही सोपी. लोकांना ती फारशी ठाऊक नसते. तोही त्रास नको तर दोन उकडलेली अंडी घ्या. १२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, आणि मागची बाजू वाचायची भानगड नाही.

गुढियारीतलं उत्तर

आता मेडिकलमधून बाहेर पडून धान्याच्या गल्लीत या. काकूंना, आणि खरं तर बऱ्याच घरांना, लागणारं प्रोटीन इथल्या पोत्यांतही आहे.

सालं काढलेल्या फुटाण्यांत, म्हणजे आपल्या पंढरपुरी डाळ्यात, १०० ग्रॅममागे साधारण २० ते २२ ग्रॅम प्रोटीन असतं. ते दळलं की सत्तू. उत्तरेकडची माणसं तो उन्हाळाभर पितात. आपल्याकडचं मेतकूट तरी दुसरं काय आहे? भाजलेल्या डाळी, तांदूळ, हिंग, जिरं, मेथी. आजारातून उठलेल्याला मऊ भाताबरोबर मेतकूट देणाऱ्या आज्यांना डाळ-तांदळाची जोडीही ठाऊक होती आणि वायूवरचा उताराही.

माझा आवडता मेळ असा. अर्धा किलो सोललेले फुटाणे, पाव किलो मंद आचेवर खमंग भाजलेली मूगडाळ, दीडशे ग्रॅम मुर्रा म्हणजे आपले कुरमुरे, शंभर ग्रॅम भाजलेले तीळ. भाजलेलं जिरं, सुंठ, चिमूटभर हिंग घालून हे सगळं बारीक दळून चाळून घ्यायचं. एक किलो पिठात प्रोटीन साधारण २०० ग्रॅम भरतं, म्हणजे ५० ग्रॅम पिठाला १० ग्रॅम. गार पाण्यात लिंबू-मीठ घालून किंवा ताक सोसत असेल तर ताकात घ्या. फुटाण्यांची सालं पूर्ण काढली आणि सुरुवात दोन मोठ्या चमच्यांनी केली तर पोट सहसा कुरकुरत नाही. तिळाची ॲलर्जी असेल तर तीळ अर्थातच गाळा.

याची मर्यादाही सांगते. डब्याच्या एका चमच्यात मिळणारं २४ ग्रॅम प्रोटीन या पिठातून हवं असेल तर १२० ग्रॅम पीठ खावं लागेल, आणि त्याबरोबर साडेचारशेच्या आसपास कॅलरी येतील. ज्यांची भूक मेलीय, चावता येत नाही, किंवा डॉक्टरांनी ऑपरेशननंतर ठरावीक प्रोटीन सांगितलंय, त्यांना कमी आकारमानात जास्त प्रोटीन लागतं. तिथे डबा उपयोगी पडतो. काकूंनी आयसोलेट आणलं तर मी नाक मुरडणार नाही.

एक खबरदारी खास या भागातली. छत्तीसगडच्या शेतांत तिवडा पिकतो. विदर्भात आपण त्याला लाख किंवा लाखोळी म्हणतो. त्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं आणि महिनोन् महिने तेच मुख्य अन्न झालं तर पाय लुळे पडू शकतात. म्हणूनच १९६१ साली त्याच्या विक्रीवर बंदी आली. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठानं हे द्रव्य कमी असलेला 'महातिवरा' वाणही काढला आहे. पण स्वस्त बेसनात आणि चणाडाळीत तिवडा मिसळण्याची खोड जुनी. चिमूटभर भेसळीनं कुणी लुळं होत नाही, तरी रोज प्यायचं पीठ आहे, म्हणून तयार सत्तू घेण्यापेक्षा अख्खे फुटाणे घ्या आणि समोर दळून आणा. तिवड्याचा दाणा पाचरीसारखा कोनाकोनांचा असतो, गोलसर फुटाण्यात तो लपत नाही. पिठात काय लपलंय ते मात्र डोळ्यांना कळत नाही.

पंधरा दिवस पोटाचं ऐका

हे फक्त पोटाचाच त्रास असलेल्या मोठ्या माणसांसाठी, ॲलर्जीवाल्यांसाठी नाही. आठवडाभर दूध आणि सगळ्या पावडरी बंद ठेवा. पोट शांत झालं नाही तर दोष दुधाचा नाहीच, डॉक्टरांकडे जा. गव्हाचा त्रास, आतड्याची हळवी प्रकृती, अशी अनेक कारणं निघतात. शांत झालं तर एके सकाळी नुसतं कपभर दूध घ्या आणि चार-पाच तास बघा. त्रास झाला तर लॅक्टोज. झाला नाही तर जुना डबा हातात घ्या आणि त्यातली गोडी, गम, इन्युलिन तपासा. नवीन डबा आणायचा तो बिनचवीचा, कमीत कमी घटकांचा आणि शक्यतो छोट्या पाकिटातला. पहिले तीन दिवस अर्धा चमचा, पाण्यात, जेवणानंतर. मग पूर्ण. दोन किलोचा डबा 'ऑफर आहे' म्हणून पहिल्याच दिवशी आणू नका, उघडलेला डबा कुणी परत घेत नाही.

आणि मुळात लागतं किती? आपल्या आयसीएमआरच्या शिफारशीनुसार निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. म्हणजे ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. व्यायाम करणाऱ्यांना जास्त. २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत याच संस्थेनं शरीर कमावण्यासाठी पावडरी टाळा, अन्नातून प्रोटीन घ्या असं स्पष्ट सांगितलंय. जिमवाल्या मुलानं दोन वाट्या वरण, मूठभर शेंगदाणे आणि अंडी किंवा ५० ग्रॅम सोया वड्या (यांत एकट्या २५ ग्रॅम प्रोटीन) खाल्ल्या तर बहुधा त्याला डब्याची आठवणही येणार नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र घरचं पीठ असो वा डबा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका. लहान मुलांना तर पावडर नकोच. दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळाला दुधाऐवजी प्रोटीन पावडर कालवून देणं ही फार गंभीर चूक ठरते, तिथे बालरोगतज्ज्ञच हवेत.

दूध पूर्ण सोडलेल्यांनी कॅल्शियमकडेही बघा, कारण पावडर ते भरून काढेलच असं नाही. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तीळ, राजगिरा, काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी यांतही चांगलं असतं. नाचणी सत्त्वाला मात्र प्रोटीन पावडर समजू नका. नाचणीत प्रोटीन जेमतेम ७ ग्रॅम.

घरचं पीठ एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच दळा. तिळामुळे ते लवकर खवट होतं, आणि रायपूरच्या पावसाळ्यात तर डब्याचं झाकण अर्धवट राहिलं तरी दोन दिवसांत गोळे धरतात. दळल्यावर पूर्ण गार होऊ द्या, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा आणि आत ओला चमचा घालू नका.